सुईसाहेबांचं वऱ्हाड

आमच्या साहेबांना शिंक आली की ते खुर्चीवरून उठत, नाकाला रुमाल दाबत आणि थेट कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन शिंकत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात हे दृश्य रोजचं होतं. विभागापासून फाटक चांगलं दीडशे पावलांवर. पुष्कळदा तिथे पोचेपर्यंत शिंक निघून गेलेली असायची आणि साहेब काहीतरी हरवल्यासारखा चेहरा करून परत यायचे. फाटकावरचा प्रत्येक नवा वॉचमन पहिल्या आठवड्यात त्यांना विचारायचा, की साहेब, कुणाची वाट बघताय. साहेब सांगायचे, "शिंकेची. आली तर आत पाठवू नका."

आम्ही हसायचो, पण कारण आम्हाला ठाऊक होतं. कारखाना रेकॉर्ड प्लेअरचा. रेकॉर्डवर जी सुई फिरते तिच्या टोकाला हिऱ्याची कणी असते, मिठाच्या कणाहूनही बारीक. ती कणी सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने उचलून सुईच्या टोकावर चिकटवायची, हे आमच्या विभागाचं काम. टेबलावर अशा पन्नासेक कण्या मांडलेल्या असताना एक शिंक म्हणजे अर्ध्या दिवसाच्या मेहनतीवर पाणी. एकदा हिशेबखात्यातला एक गृहस्थ आमच्या दारात उभा राहून मनसोक्त शिंकला होता. त्यानंतर तासभर आम्ही बाराजणी आणि साहेब जमिनीवर गुडघे टेकून कण्या शोधत होतो. साहेब त्या गृहस्थाला एक शब्द वावगा बोलले नाहीत, फक्त पुढे वर्षभर तो दिसला की रुमाल पुढे करायचे. विभागाचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण सगळा कारखाना त्याला सुई विभाग म्हणायचा आणि साहेबांना सुईसाहेब.

बाराही बायका होतो आम्ही. मी कुंदा, कल्याणहून यायचे. घरी दम्याने अंथरुणाला खिळलेले वडील आणि शिकणारे दोन भाऊ, त्यामुळे लग्नाचा विषय काढायला कुणाला सवड नव्हती. माझ्या शेजारच्या टेबलावर आंबिवलीजवळच्या गावची हिरा. तिच्या घरची शेती, त्याआधीच्या पिढ्या मिठागरात राबलेल्या. तिच्या बोलीत मान देण्यासाठी अनेकवचन वापरायची पद्धतच नव्हती, त्यामुळे ती मला जसं बोलायची तसंच मालकांनाही बोलायची. पहिल्याच दिवशी तिने साहेबांना विचारलं होतं, "काय सायेब, जेवलास का?" आम्ही श्वास रोखला. साहेब डोंबिवलीचे, शुद्ध बोलणारे, प्रत्येकीला नावापुढे 'बाई' लावून हाक मारणारे. ते म्हणाले, "नाही हिराबाई, अजून नाही जेवलो." तेव्हापासून हा रोजचा प्रश्न आणि रोजचं उत्तर झालं.

कामाला बसण्याआधी हात धुवायचे, हा नियम सगळीकडेच असतो. साहेब त्याच्यापुढे जात. हात धुऊन आलो की म्हणत, "हात झाले. आता डोकं धुवा." म्हणजे घरचं भांडण, बापाचं आजारपण, भावाची फी, सगळं दाराशी चपलांबरोबर ठेवायचं आणि मग आत यायचं. ते स्वतः रोज दारात क्षणभर डोळे मिटून उभे राहायचे. मला सुरुवातीला हे नाटक वाटलं. पुढे पुढे मलाही जमायला लागलं, आणि मग त्या आठ तासांत मला कशाचीच आठवण येईनाशी झाली. भिंगाखाली एक पांढरं गोल मैदान, त्यात एक चमकणारा खडा, आणि बाहेर कुठेतरी दूर चालू असलेलं जग. आता मागे वळून बघताना वाटतं की माझ्या तरुणपणातला सगळ्यात निवांत काळ मी एका कारखान्यात घालवला.

मग कॅसेट आल्या. गाण्याच्या कॅसेट स्वस्त, बॅगेत मावणाऱ्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या. रेकॉर्ड घेणारे कमी झाले आणि आमच्या सुयांची मागणी घसरली. मालकांनी कॅसेट प्लेअरची वेगळी शेड उभी केली. तिथे मोटर होती, पट्टे होते, चुंबकाचं डोकं होतं, पण सुई नव्हती. मालक वाईट माणूस नव्हते, पण सुई विभाग फार दिवस चालणार नाही हे त्यांनी साहेबांना सांगून टाकलं, आणि साहेबांनी आम्हाला. आमच्यापासून काही लपवायचं नाही असा त्यांचा बाणा होता. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटायचं.

रंगीत टीव्ही नुकता घराघरांत येत होता. त्याच सुमारास साहेबांच्या हाती परदेशी मासिकांतून एक बातमी लागली. चित्रपटाची तबकडी निघाली होती. रेकॉर्डसारखीच गोल, पण तिच्यातून आवाजाबरोबर चित्रही यायचं. तबकड्यांच्या दोन जाती होत्या आणि दोघींचं यंत्र वेगळं. एका जातीत तबकडीवर सुई फिरायची, आमच्या सुईची थोरली बहीण म्हणावी अशी. दुसरीत सुईच नव्हती. लेझरचा किरण तबकडीवर पडायचा आणि तोच चित्र वाचायचा. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर चालत नसे. म्हणजे दोघींपैकी एकच टिकणार होती. साहेबांनी त्यांना नावं दिली, सुईवाली आणि उजेडवाली. उजेडवाली जिंकली तर जगात आमच्या हातांचं काम उरणार नव्हतं, आणि सुईवाली जिंकली तर आम्हाला पुढची वीस वर्षं मरण नव्हतं. आम्ही कुणाच्या बाजूने होतो हे सांगायला नको.

साहेबांनी विभागाच्या भिंतीवर ड्रॉइंगचा मोठा कागद लावला. मधोमध रेघ, डावीकडे सुईवाली, उजवीकडे उजेडवाली. जगातली कुठली कंपनी कुणाच्या बाजूला आहे त्याच्या चिठ्ठ्या टाचणीने लावलेल्या. यंत्र बनवणारे कोण, तबकड्या छापणारे कोण, चित्रपट देणारे कोण. या कागदाला ते वऱ्हाड म्हणायचे. मी एकदा विचारलं, की साहेब, ज्याचं यंत्र चांगलं तो जिंकेल, मग ही मोजदाद कशाला? ते म्हणाले, "कुंदाबाई, नवरी कशी आहे हे मांडवात कुणी बघत नाही. वऱ्हाड किती आलं ते बघतात. दहा कारखानदारांनी पाठिंबा दिला की अकरावा आपोआप येतो." काही कंपन्या दोघींनाही होकार देऊन बसल्या होत्या. त्यांच्या चिठ्ठ्या रेघेवरच असत, आणि साहेब त्यांना दोन्ही मांडवांत जेवणारे म्हणत.

रोज सकाळी हात धुऊन, डोकं धुऊन आम्ही पहिल्यांदा भिंतीकडे बघायचो. एखादी चिठ्ठी डावीकडे आलेली दिसली की दिवस बरा जायचा. उजवीकडे गेली की साहेब चहा घेत नसत. गंमत अशी की ती मासिकं बोटीने यायची, दोन-तीन महिन्यांनी. आम्ही ज्या कंपनीच्या येण्याचा आनंद करत होतो ती कदाचित तेव्हाच दुसरीकडे निघून गेलेली असे. हे साहेबांना कळत नसेल असं नाही. पण चिठ्ठी सरकवताना त्यांचा हात असा काही हळुवार व्हायचा, की हिऱ्याची कणीच उचलतायत.

जपानच्या एका सुईवाल्या कारखानदाराला त्यांनी पत्रावर पत्रं लिहिली. आमच्याकडे सुईचं काम जाणणाऱ्या बारा कारागीर आहेत, आम्हाला साथ द्या. सात-आठ महिन्यांनी खोक्यातून एक नमुन्याचं यंत्र आलं आणि एकच तबकडी. ही तबकडी प्लॅस्टिकच्या चपट्या डब्यात राहायची. डबा यंत्राच्या फटीत सारायचा आणि मागे ओढायचा, की तबकडी आत आणि रिकामा डबा आपल्या हातात. तिला माणसाचं बोटसुद्धा लागू नये अशी सोय होती. तपासणीसाठी डबा कसा उघडायचा ते साहेबांनी फक्त मला दाखवलं होतं, कारण माझा हात सगळ्यांत स्थिर. मला त्याचा केवढा अभिमान होता.

मग सुरू झाल्या दुपारच्या त्या वेळा, ज्या मला अजून स्वप्नात दिसतात. जेवणं उरकली की साहेब खिडक्या लावायचे, तबकडी आत सारायचे आणि आम्ही बाराजणी जमिनीवर बसायचो. चित्रपट नव्हताच तो. गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी काढलेली नुसती दृश्यं. एक समुद्र, आपल्या खाडीसारखा गढूळ नव्हे, निळा. मग बर्फात बुडालेलं एक गाव. मग एक पूल आणि त्यावरून पिवळी छत्री घेऊन चाललेली एक बाई. ती कोण, कुठे निघाली, काही कळायचं नाही. पूल संपायच्या आत चित्र बदलायचं. रोज तेच, तरी आम्ही रोज बघायचो. बाहेर पत्र्यांवर ऊन तापलेलं, शेजारच्या कारखान्यातल्या हातोड्यांचे आवाज, आणि आत बर्फ पडतोय. हिरा म्हणायची ती बाई माहेराला चाललीय. मी म्हणायचे, कामावर. साहेब डोळे अर्धे मिटून बसलेले असत. चित्र संपलं की हळूच म्हणत, "हे सगळं एका सुईतून आलं, बरं का."

त्यांचं एक स्वप्न होतं आणि ते ऐकायला आम्हाला आवडायचं. प्रत्येक घरात पुस्तकांसारखं तबकड्यांचं कपाट असेल. पोरं संध्याकाळी बर्फ बघतील, आजीबाई काशी बघतील, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना समुद्र बघता येईल. आणि कपाटाशेजारच्या यंत्रात ठाण्यात बनलेली सुई असेल. माझ्या वडिलांना मी घरी जाऊन हे सांगायचे. ते खोकत खोकत विचारायचे, कधी येणार गं ती तबकडी? मी म्हणायचे, लवकरच.

एक दिवस पत्र आलं, की जपानी कारखानदाराचा माणूस स्वतः येतोय. आमचं काम बघून, यंत्र चालवून, मालकांशी करार करायचा की नाही ते ठरवणार. तो यायचा दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पडला. साहेब दोन दिवस आधीच मुंबईला त्याच्या व्यवस्थेत गुंतले. इकडे खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा असायची. प्रेसला झेंडूचा हार, चिमट्यांना हळदकुंकू, सूक्ष्मदर्शकांपुढे पानसुपारी. हिराने घरून टोपलीभर झेंडू आणलेला. तिने नव्या यंत्राला हार घातला आणि तबकडीचा डबा हातात घेऊन म्हणाली, "काय गो कुंदा, देवाला पेटीत ठेवून पूजा करतात काय?"

मला ते पटलं. आमच्या बाराजणींचं सगळं त्या तबकडीवर अवलंबून, आणि तिलाच पूजा नाही? डबा उघडता येणारी मी एकटी. मी पट्टीने दोन्ही बाजूंच्या खिट्या दाबल्या, तबकडी बाहेर काढली, ताम्हनात ठेवली. बाराही जणींनी तिला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला. मी मनात वडिलांचं नाव घेतलं. मग ओल्या फडक्याने तिला अगदी मायेने पुसलं, वाळवलं आणि डब्यात ठेवून दिलं. सूक्ष्मदर्शकावर रोज आठ तास धुळीच्या कणाशी वैर करणारी मी, माझ्या मनात एकदाही आलं नाही की कुंकू हीसुद्धा धूळच असते. ते कुंकू होतं ना.

पाहुणे आले. ठेंगणे, अबोल, वयाने साहेबांएवढेच. आमचं काम त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं आणि माझ्या टेबलाशी किंचित वाकले. मग साहेबांनी खिडक्या लावल्या आणि तबकडी आत सारली. समुद्र आला. एक लाट किनाऱ्याला लागली, आणि पुन्हा तीच लाट लागली, आणि पुन्हा तीच. मग चित्रावर रेघा आल्या, पुलावरची ती बाई अर्ध्या पुलावर थरथरत उभी राहिली आणि पडदा काळा झाला. साहेबांनी सुई काढून भिंगाखाली धरली. बघितलं, आणि मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांनी वाकून भिंगात बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, हे लाल काय आहे? साहेबांनी सांगितलं, "ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची पूजा करायचा आमच्याकडे दिवस असतो. ही त्याची खूण आहे." मला पुढचं ऐकवलं नाही. मी मोरीकडे पळाले आणि तिथेच तोंडात पदर कोंबून रडत राहिले. बाहेर आले तेव्हा पाहुणे गेलेले होते.

पंधरा दिवसांनी मालकांनी सांगितलं, की करार होत नाही आणि तीन महिन्यांनी सुई विभाग बंद. साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "कुंदाबाई, हे तुमच्या कुंकवामुळे झालेलं नाही. लक्षात ठेवा." मी मान डोलावली. सांगणारा माणूस इतका चांगला होता, की तो मला बरं वाटावं म्हणून बोलतोय यात मला शंका राहिली नाही.

ते तीन महिने साहेब काय राबले. खिशात काडेपेटीएवढी एक डबी, तिच्यात आमच्यातल्या एकेकीच्या हातची एक सुई आणि एक भिंग. रोज दुपारनंतर ती डबी घेऊन बाहेर पडायचे. ठाणे, कल्याण, अंबरनाथ, जिथे जिथे हातांचं बारीक काम चालतं तिथे जाऊन डबी उघडायचे आणि म्हणायचे, "हे बघा, आणि मग नाही म्हणा." घड्याळाच्या कारखान्यात तिघी लागल्या, चष्म्याच्या भिंगांच्या कामाला चौघी, हिराला कल्याणमध्ये ऑपरेशनच्या सुया बनवणाऱ्यांकडे काम मिळालं. मला त्यांनी ठाण्याच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले, यांना काहीच येत नाही, पण यांना दिसतं. पहिली दोन वर्षं मी काचपट्ट्या धुतल्या, मग परीक्षा दिली, आणि पुढे आयुष्यभर लोकांचं रक्त भिंगाखाली बघत आले. भावांची शिक्षणं त्यावर झाली. वडिलांना तबकडी काही बघायला मिळाली नाही.

वर्षा-दीड वर्षात कानावर आलं, की सुईवाली तबकडी बनवणाऱ्यांनी हळूहळू हातच वर केले. इकडे घरोघरी व्हिडिओ कॅसेट येऊन बसल्या होत्या, उजेडवालीचंही नाव कुणी घेत नव्हतं. कुणी म्हणेल, मग तुला वाईट वाटायचं कारण काय? पण मी हिशेब असा करायचे, की करार झाला असता तर विभाग निदान आणखी वर्षभर चालला असता. बाराजणींचं एक वर्ष माझ्या बोटांनी पुसलं. आमच्यातल्या काम न मिळालेल्या एकीच्या मुलीची शाळा त्याच वर्षी सुटली होती, हे मी विसरू शकत नव्हते. प्रयोगशाळेत दरवर्षी खंडेनवमीला पूजा असायची. मी त्या दिवशी रजा टाकायचे.

चौदा वर्षांनी साहेब समोर आले ते साखर तपासायला. मी खाली मान घालून बाटलीवर नाव लिहीत होते. ते म्हणाले, "हात ओळखीचे वाटतात." केस पूर्ण पांढरे, पण आवाज तोच, समोरच्या टेबलावरचं काही उडू नये असा. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, ते डोंबिवलीला एकटेच राहत होते. रविवारी घरी या, एक गंमत दाखवतो, म्हणाले.

गंमत म्हणजे व्हीसीडी. तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. तळहाताएवढी चंदेरी तबकडी, आणि ती वाचणारा किरण. शेवटी उजेडवालीच आली होती, धाकट्या बहिणीच्या रूपाने. साहेब म्हणाले, हिचं वऱ्हाड बघा, कुणाला अक्षत द्यायला जावं लागलं नाही. गल्लीबोळात यंत्रं जोडतायत. त्यांनी तबकडी बनियनला खसाखसा पुसली आणि यंत्रात टाकली. मी थक्क झाले. तबकडी अशी पुसणारे सुईसाहेब मी कधी कल्पिले नव्हते. कुठलंसं तळं आलं पडद्यावर, त्यात बदकं. दुपारच्या त्या वेळेला आम्ही दोघंच ती बदकं बघत बसलो आणि मला फार बरं वाटत होतं. म्हणून मी सहज बोलून गेले, की साहेब, मी तेव्हा कुंकू लावलं नसतं, तर आज इथे आपली सुई फिरत असती.

त्यांनी यंत्र बंद केलं. "तुम्ही अजून तेच धरून बसलायत?" म्हणाले. मग त्यांनी सांगितलं.

पाहुणे कुंकवावर रागावले नव्हते. उलट केबिनमध्ये त्यांनी साहेबांना सांगितलं, की आमच्या देशात वर्षातून एकदा मोडलेल्या सुया मऊ पदार्थात खोचून ठेवतात आणि त्यांना नमस्कार करतात, इतकं काम केलंत, आता विसावा घ्या म्हणून. तुमच्या बायकांच्या हाती आमची सुई सुखात राहील, म्हणाले. पाठिंबा द्यायला तयार होते ते. करार टेबलावर होता. मालकांनी कारखाना गहाण टाकायचीही तयारी ठेवली होती. त्यांनी साहेबांना एवढंच विचारलं, की हो ना?

"मी नाही म्हटलं, कुंदाबाई."

ते सांगत गेले. रोज आम्ही घरी गेल्यावर ते ती तबकडी भिंगाखाली धरून बघायचे. वर्षभरात ती झिजलेली त्यांना दिसत होती. भिंतीवरच्या चिठ्ठ्याही उजवीकडे सरकत होत्या. काही तर त्यांनी आमच्यासाठी मुद्दामच डावीकडे ठेवल्या होत्या. मनातून कळत होतं, पण आम्हा बाराजणींकडे बघून ते कळू देत नव्हते. त्या दिवशी कुंकू बघितलं आणि मग डोळेझाक करता येईना. "आपल्या लोकांचा जिच्यावर जीव जडतो तिला हात लावल्याशिवाय त्यांना राहवत नाही," ते म्हणाले. "आणि ती तबकडी हात लावण्यासाठी नव्हतीच. करार केला असता तर बाराजणींबरोबर अख्खा कारखाना बुडाला असता. पण बाराजणींचं काम मी घालवलं. दुसऱ्या कुणी नाही."

मला आठवतं, मी उठून उभी राहिले होते. मला राग आला होता आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं. मी म्हणाले, "साहेब, तेव्हा सांगितलं असतंत तर मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. पण चौदा वर्षं स्वतःला दिल्या नसत्या." ते म्हणाले, तुमच्या शिव्यांना भ्यालो. आयुष्यात एवढीच माणसं मला चांगलं म्हणायची. मग त्यांनी टेबलावरचा कागद माझ्यापुढे सारला आणि सगळ्यांचे पत्ते लिहून मागितले.

पासष्टी उलटलेला, साखरेचा माणूस, दर रविवारी रिक्षा करून एकेकीच्या घरी गेला. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. अकरापैकी एक वारली होती. इतर कुणाला काय वाटलं ते मला त्या त्या बाईकडूनच कळलं. कुणी जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं, कुणी रडली. जिच्या मुलीची शाळा सुटली होती तिने दारातूनच परत पाठवलं. त्याबद्दल मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "ते बरोबर होतं." नऊ घरं झाली. हिरा तेवढी राहिली. आज जातो, उद्या जातो, करत राहिले; हिराबाई तोंडावर काय बोलतील सांगता येत नाही, म्हणायचे. आणि त्या थंडीत एका दुपारी झोपेतच गेले.

त्यांच्या तेराव्यानंतर मी आंबिवलीला गेले. हिराच्या घराचा आता बंगला झाला होता, पण ती ओटीवर बसून सुकट निवडत होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. पाहुण्यांचं, कराराचं, साहेब नाही म्हणाले ते, आणि ते तिच्याकडे यायला भीत होते तेही. तिचे हात थांबले नाहीत.

"मना तवाच समजलं व्हतं," ती म्हणाली.

मी विचारलं, कसं?

"तू मोरीत रडत व्हतीस. मी दारात उभी. पावना हसत हसत गेला. मालक रागान लाल. आन सायेबाला मी इचारला, जेवलास का, त नाय जेवला, नि दुसऱ्या दिवशी पन नाय जेवला. मंग नाय कोन बोलला आसंल?" सुकटीतला एक खडा काढून तिने अंगणात टाकला. "नाय बोलला म्हंजे बराबरच आसंल. त्याला काय हौस व्हती आपल्याला घरी बसवाची?"

मी म्हणाले, "हिरा, मग मला का नाही सांगितलंस? मी चौदा वर्षं..."

"मना काय म्हाईत, तू धरून बसलीस त्ये. तू इचारलास कवा?" ती म्हणाली. मग तिने पदराने डोळे पुसले आणि चिडूनच म्हणाली, "त्यान पन इचारला नाय. यायचा व्हता एकदा. जेवला आसता."